‘दशावतार’ : हेवी मेटल संगीतातील पुराणकथा आणि बळी-बुद्धाचा प्रश्न

प्रस्तावना

पुराणकथा कोणत्याही एका कालखंडाची मिरास नसते. प्रत्येक पिढी ती आपल्या हाती असलेल्या माध्यमातून पुन्हा सांगते. दशावतारांची कथा कीर्तनात आली, कोकणच्या दशावतारी खेळात आली, लाकडी मुखवट्यांत आली, पुढे चित्रपट व दूरदर्शन मालिकांतही आली. २०१७ मध्ये ती हेवी मेटल या पाश्चात्त्य संगीतप्रकारातून अवतरली. मुंबईच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ या बँडने त्या वर्षी ‘दशावतार’ हा दहा गीतांचा इंग्रजी अल्बम प्रसिद्ध केला. या अल्बमची निर्मिती, शीर्षकांची योजना व ध्वनिरूप यांचा विचार करून मराठी परंपरेच्या प्रकाशात त्याचे मूल्यमापन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या प्रकारात कंठस्वर गुरगुरता असतो व शब्द सहजासहजी कानी येत नाहीत. त्यामुळे श्रोत्यापर्यंत प्रथम पोहोचतात ती शीर्षके, गीतांचा क्रम आणि नाद. विवेचनाचा भरही याच तीन घटकांवर ठेवला आहे.

निर्मितीची पार्श्वभूमी

हेवी मेटलचा उगम इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात झाला. ‘ब्लॅक सब्बाथ’ या बँडचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० मध्ये आला. त्यातील गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडून तुटली होती. बोटांना टोपणे लावून आणि पुढे तारांचा ताण कमी करून त्यांनी वादन चालू ठेवले. सैल तारांतून निघणारा खर्जातला जड नाद हीच या संगीताची ओळख झाली. श्रमिक वस्तीतील हे संगीत आरंभापासून प्रस्थापिताविषयी साशंक राहिले. सैतान, मृत्यू, युद्ध व अंधार ही त्याची प्रतीके होत.

‘डेमॉनिक रेझरेक्शन’ची स्थापना साहिल मखिजा यांनी २००० मध्ये मुंबईत केली. बँडच्या नावाचा अर्थच ‘दैत्यांचे पुनरुत्थान’ असा होतो. २००५ मधील ‘अ डार्कनेस डिसेंड्स’, २०१० मधील ‘द रिटर्न टू डार्कनेस’ आणि २०१४ मधील ‘द डीमन किंग’ या अल्बमच्या नावांतील अंधार व दैत्य पाश्चात्त्य मेटल परंपरेतून आलेले दिसतात. चित्रपटसंगीताने व्यापलेल्या भारतीय बाजारपेठेत अशा संगीताला आश्रयदाता मिळणे कठीण होते. मखिजा यांनी स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी काढून हा मार्ग स्वबळावर आखला. परभाषेत आणि परकीय रूपबंधात दीर्घकाळ काम केल्यानंतर हा बँड पुराणांकडे वळला, ही बाब अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखी आहे.

धार्मिक आशयाला मेटलमध्ये स्थान देण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हे. सिंगापूरच्या ‘रुद्र’ या बँडने ‘कुरुक्षेत्र’ आणि त्यानंतर ‘ब्रह्मविद्या’ ही तीन अल्बमची मालिका सादर केली. तिचा ओढा वेदान्ताकडे, म्हणजे विचाराकडे आहे. ‘दशावतार’चा ओढा कथेकडे व व्यक्तिरेखेकडे आहे.

शीर्षकांची योजना

दहा अवतारांना दहा गीते, असा सरळ आराखडा अल्बमने स्वीकारला आहे. प्रत्येक शीर्षकात अवताराचे संस्कृत नाव व त्यापुढे इंग्रजी वर्णन येते. मत्स्य म्हणजे मासा, कूर्म म्हणजे कासव, वराह म्हणजे रानडुक्कर, नरसिंह म्हणजे सिंहमुखी मानव, वामन म्हणजे बुटका, परशुराम म्हणजे कुऱ्हाडधारी, राम म्हणजे राजपुत्र, कृष्ण म्हणजे गुराखी, बुद्ध म्हणजे शिक्षक आणि कल्की म्हणजे घाणीचा विनाशक.

परदेशी श्रोत्यांच्या सोयीसाठी केलेली ही योजना वरवर साधी वाटते. तथापि तिच्यात एक दृष्टी आहे. एकाही शीर्षकात ‘देव’ हा शब्द नाही. राम राजा नसून राजपुत्र आहे, कृष्ण गीतेचा उपदेशक नसून गुराखी आहे. देवत्वाची वस्त्रे उतरवून देह, शस्त्र वा व्यवसाय एवढेच शिल्लक ठेवले आहे. शेवटच्या शीर्षकात कल्की या नावाची ‘कल्क’ म्हणजे मळ, पाप या शब्दाशी जोडली जाणारी व्युत्पत्ती आली आहे. भक्तीच्या भाषेपासून दूर जाऊन पुराणपुरुषाकडे पाहण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह आहे.

ध्वनिरूप आणि रसविचार

भारतीय रसव्यवस्थेच्या आधारे पाहिल्यास मेटल हे प्रामुख्याने रौद्र, भयानक, बीभत्स व वीर या रसांचे संगीत ठरते. ‘ब्लॅक सब्बाथ’च्या पहिल्याच गीतात षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातील अस्वस्थ करणारे अंतर वापरले गेले. पुढे कोमल ऋषभाचा वापर मेटलमध्ये रूढ झाला. पाश्चात्त्य ‘फ्रिजियन’ स्वरसप्तक हे भैरवी थाटाशी जुळणारे आहे. जे स्वर मराठी मैफलीच्या अखेरीस निरोपाची करुणा निर्माण करतात, तेच विकृत केलेल्या गिटारवर व दुहेरी पायढोलाच्या जलद आघातांवर धमकीसारखे ऐकू येतात. भाव केवळ स्वरांत नसतो, तो नादाच्या पोतातही असतो, याचा हा उत्तम दाखला होय.

‘डेमॉनिक रेझरेक्शन’च्या शैलीत गुरगुरता आणि स्वच्छ असे दोन्ही कंठस्वर नांदतात आणि की-बोर्डवरील भव्य स्वरमेळ त्यांना पार्श्वभूमी देतो. ‘दशावतार’मध्ये त्यांच्या जोडीला भारतीय संगीताचे रंगही आले आहेत. ही शैली पहिल्या चार अवतारांना आणि परशुराम-कल्कींना नैसर्गिकपणे साजते. विशेषतः नरसिंहाच्या कल्पनेला तर हा रूपबंध जणू बांधूनच दिला आहे. नरसिंह पूर्ण माणूस नाही आणि पूर्ण पशूही नाही. गुरगुरता कंठस्वरही माणूस व पशू यांच्या सीमेवर उभा असतो. आशय आणि माध्यम यांचे असे ऐक्य दुर्मिळ असते.

प्रश्न निर्माण होतो तो वामन आणि बुद्ध यांच्या बाबतीत. वामनाचे सामर्थ्य शस्त्रात नसून युक्तीत आहे, तर बुद्धाचा स्थायीभाव शम आहे. आघातावर उभ्या असलेल्या संगीताला शांतरसाचे आव्हान पेलणे कठीण जाते. मात्र या दोन अवतारांची अडचण केवळ सांगीतिक नाही, ती वैचारिकही आहे.

बळी आणि बुद्ध

महाराष्ट्रात दशावतार ही निर्विवाद यादी राहिलेली नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ या ग्रंथात मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन व परशुराम यांच्या कथांचा क्रमाने समाचार घेतला. त्या कथांमागे त्यांनी आक्रमक आर्य आणि या भूमीतील मूळ रहिवासी यांच्यातील संघर्षाचा इतिहास वाचला. चिरंजीव मानल्या गेलेल्या परशुरामाला हजर होण्याचे जाहीर आव्हानही त्यांनी दिले. फुल्यांच्या मांडणीत बळी हा न्यायी राजा आहे. लोकमानसही याहून वेगळे नाही. पाताळात ढकलल्या गेलेल्या त्या राजाचे राज्य पुन्हा येवो, ही प्रार्थना दिवाळीत मराठी घराघरांत होते. शेतकऱ्याला ‘बळीराजा’ म्हणण्याची रीतही त्याच स्मृतीतून आली आहे.

नवव्या स्थानाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मराठी संतकाव्यात विठ्ठलालाच बौद्ध अवतार म्हणण्याची प्रथा आढळते. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथात तिची चर्चा केली आहे. दुसऱ्या बाजूला, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे स्पष्टपणे नाकारते. अल्बममध्ये बुद्धाला ‘शिक्षक’ म्हटले आहे, हा शब्द बौद्ध श्रोत्याला मान्य होण्याजोगा आहे. परंतु ज्या क्रमात तो शब्द ठेवला आहे, तो क्रमच बुद्धाला विष्णूच्या मालिकेत बसवतो. शीर्षकाने जे सोडले, ते अनुक्रमाने पुन्हा धरले आहे.

येथे या अल्बमची मर्यादा उघड होते. दैत्यांच्या पुनरुत्थानाचे नाव धारण करणाऱ्या बँडने दहाही गीतांना विजेत्यांची नावे दिली. हिरण्यकशिपू, बळी वा रावण यांपैकी एकाचेही नाव शीर्षकात नाही. बंडखोरीचा वारसा सांगणाऱ्या रूपबंधाने पराभूतांची बाजू निदान एका शीर्षकात मांडणे अपेक्षित होते.

लोकपरंपरेचा धडा आणि खानदेशातील श्रोता

लोककला या बाबतीत अधिक उदार ठरतात. कोकणच्या दशावतारी खेळाचा आरंभ वेद चोरणाऱ्या संकासुरापासून होतो. विष्णूच्या हातून त्याचा वध होतो खरा, पण त्याआधी प्रेक्षकांना हसवण्याचा मान त्याचाच असतो. सह्याद्रीच्या आदिवासी पट्ट्यातील बोहाडा अथवा भोवाडा या मुखवट्यांच्या उत्सवात देवांप्रमाणेच रावण व त्राटिकाही आपापला मुखवटा घेऊन वाद्यांच्या गजरात नाचतात. तेथे दैत्याला स्वतःची पाळी मिळते. त्याचे सोंग घेणारा माणूस गावातलाच असतो, म्हणून त्याचा द्वेष होत नाही.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील तरुण श्रोता या सर्व प्रवाहांच्या संगमावर उभा आहे. डफाच्या तालावरचे वहीगायन, साक्रीच्या डोंगराळ भागात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात घुमणारी पावरी, लग्नाच्या वरातीतील बँड आणि आता मोबाइलवरील अहिराणी गाणी यांतून त्याचा कान घडला आहे. मोठा, अंगावर येणारा नाद त्याला परका नाही. रथोत्सवात राम-बालाजीचा जयजयकार करणारा, कापूस व केळी पिकवणाऱ्या बळीराजाच्या घरातील आणि १४ ऑक्टोबर हा मुक्तिदिन मानणारा, असे तिन्ही विद्यार्थी महाविद्यालयाच्या एकाच वर्गात बसतात. त्यांच्यासमोर ‘दशावतार’ हा अल्बम ठेवल्यास तीन निरनिराळे अर्थ निघतील. या भिन्न अर्थांची चर्चा वर्गात होणे, हे पुराणकथांच्या अभ्यासाच्या दृष्टीने मोलाचे आहे.

समारोप

‘दशावतार’ने भारतीय मेटलला उसन्या अंधारातून बाहेर काढून स्वतःच्या कथाभांडाराकडे वळवले, हे त्याचे श्रेय निःसंशय मोठे आहे. अवतारांना मानवी वर्णने देण्यातील धीटपणा आणि नरसिंहासारख्या प्रतिमेशी साधलेली नादाची एकरूपता या त्याच्या जमेच्या बाजू होत. परंपरेतील वादाकडे पाठ फिरवून यादी जशीच्या तशी स्वीकारणे, ही उणी बाजू होय. पुराण नव्या वाद्यावर वाजवले म्हणजे ते आपोआप नवे होत नाही. त्यातील कोणाचा आवाज ऐकवायचा, हे ठरवल्यावरच ते नवे होते. बळीच्या बाजूने उभे राहणारे मेटल मराठीत वा अहिराणीत निर्माण झाले, तर त्याला फुल्यांच्या ग्रंथाचा आणि बोहाड्याच्या मुखवट्यांचा भक्कम आधार मिळू शकेल.