भाकर मागणारी प्रार्थना

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विषय निघाला की आपली समीक्षा चार-पाच नावांपाशी येऊन थांबते. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६), बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७), पंडिता रमाबाईंचे लेखन, नारायण वामन टिळकांची कविता आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. ही नावे मोठी आहेत, याबद्दल वाद नाही. माझा प्रश्न निराळा आहे. वसईकडचा कॅथलिक समाज बाजूला ठेवला तर अहमदनगर, जालना, सांगली, कोल्हापूर या भागांतला मराठी ख्रिस्ती समाज मुख्यतः महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आलेला आहे. चर्चच्या बाकावर जो माणूस बसला, तो त्या चर्चच्या साहित्यात का दिसत नाही? आणि तो दिसत नाही म्हणून त्याला आत्मिक जीवनच नव्हते, असे समजायचे काय?

आध्यात्मिक वाढ हा शब्द आमच्या चळवळीत संशयाने ऐकला जातो. तसा तो ऐकला गेलाच पाहिजे. अध्यात्माच्या नावाने या देशात माणसाला माणूसपण नाकारले गेले आहे. पण संशय घेणे वेगळे आणि न वाचताच निकाल देणे वेगळे. प्रार्थना आणि मंडळी या दोन गोष्टींतून दलित ख्रिस्ती माणूस घडला की मोडला, हे तपासायचे असेल तर त्याची प्रार्थना साहित्य म्हणून वाचावी लागेल. तेच येथे करण्याचा माझा प्रयत्न आहे.

प्रथम टिळक दांपत्याकडे पाहू. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० साली ख्रिस्ती झाल्या. मधला काळ ‘स्मृतिचित्रां’चा गाभा आहे. नवऱ्याजवळ राहूनही वेगळी चूल, वेगळे पाणी, सोवळे आणि मग हळूहळू त्या सोवळ्याचे गळून पडणे. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचे उत्तर त्या बाईला पुस्तकातून मिळाले नाही. ते रोजच्या पाण्याच्या घोटात मिळाले. मराठी गद्यात एवढे प्रामाणिक दुसरे काय आहे, ते चटकन सांगता येणार नाही. पण या वाढीची दिशा लक्षात घ्या. येथे वाढणे म्हणजे टाकणे. वर बसलेला माणूस एक एक पायरी खाली उतरतो आणि उतरताना मोठा होतो. टिळकांच्या भक्तिकवितेतला ‘मी’ स्वतःला लहान करतो, कारण त्याला लहान होण्याची सोय आहे.

ज्याला गावाने लहान करूनच ठेवले आहे, त्याने आणखी कोठे उतरायचे? महारवाड्यातल्या माणसाने हीच प्रार्थना, हीच शब्दकळा घेऊन म्हटली की तिचा अर्थ उलटतो. ‘मी पापी, मी अपवित्र, मी तुझ्या दाराशी यायच्या योग्यतेचा नाही’ ही भावना उच्चवर्णीयाच्या तोंडी अहंकाराचा त्याग असते. अस्पृश्याच्या तोंडी ती गावाने दिलेल्या निकालाचीच नक्कल होते. चोखोबांच्या अभंगांतही ही फट आहे. देवाशी भांडणारा चोखोबा आपला आहे. पण आपला हीन जन्म मागच्या जन्मीच्या दोषाचे फळ मानणारा चोखोबा आपल्याला आज अस्वस्थ करतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके येथेच बोट ठेवले होते. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवरचे त्यांचे लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही; महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात ते १९८९ साली आले. त्यात त्यांचा आक्षेप साधारण असा आहे : अस्पृश्याला त्याच्या अधःपाताचे कारण चुकीची समाजरचना आहे, असे सांगण्याऐवजी ते कारण पाप आहे असे सांगितले गेले. तो हिंदू होता तेव्हा त्याचे कर्म आडवे आले. ख्रिस्ती झाल्यावर आदामाचे पाप आडवे आले. दोन्हीकडे लढण्याचे कारण उरले नाही. प्रार्थनेच्या साहित्यावर यापेक्षा कठोर समीक्षा मराठी माणसाने केलेली नाही. आजही जो पाळक वाडीत जाऊन फक्त पापाची कबुली मागतो आणि पाणवठ्याबद्दल, मजुरीबद्दल बोलत नाही, त्याच्यापुढे हा आक्षेप जसाच्या तसा उभा आहे.

तरीही मला एका गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली ती मराठीत मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आहे. त्या प्रार्थनेत ‘मी’ हे सर्वनाम एकदाही येत नाही. सारे ‘आम्ही’ आणि ‘आमचे’ आहे. एकट्याने खोलीचे दार लावून म्हटली तरी ती जमावाचीच प्रार्थना राहते. दुसरे असे की, लूकमध्ये ज्या जागी ‘पाप’ आहे त्या जागी मत्तयमध्ये ‘ऋण’ आहे. ऋण म्हणजे देणे, कर्ज. ज्याच्या आज्याने सावकाराच्या वहीत अंगठा उठवला, ज्याच्या बापाने लग्नाच्या कर्जापायी सालगडी म्हणून वर्षे घातली, त्याला हा शब्द कोणी समजावून सांगावा लागत नाही. दलित वाचकाने या प्रार्थनेत आत्म्याचे गूढ शोधण्याआधी हे ऋण वाचावे.

आणि तिसरी गोष्ट भाकरीची. मराठी बायबलने येथे अन्न असा सर्वसाधारण शब्द घातला नाही; भाकर घातली. भाकर मागणे म्हणजे काय, हे महारांइतके दुसऱ्या कोणाला माहीत आहे? गावकीची कामे करायची आणि संध्याकाळी पाटी घेऊन दारोदार फिरून, वरून टाकलेला शिळा तुकडा झेलायचा, हे बलुत्याचे जिणे होते. दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) पांढरपेशा वाचकाला ते प्रथम दाखवले. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतने रद्द करून त्या जमिनी रयतावा केल्या, त्यामागे हीच जाण होती : भाकर हक्काची झाल्याशिवाय माणूस ताठ होत नाही. अशा माणसाने एके दिवशी गुडघे टेकून भाकर मागितली, पण पाटलाच्या ओट्याखाली उभे राहून नाही; बापाकडे मागावी तशी, आणि ‘मला’ नव्हे तर ‘आम्हांला’ म्हणून मागितली. मागण्याचे दार बदलले. बापाच्या घरात तुकडा वरून टाकला जात नाही. एवढ्या एका वाक्यात महारकीचा नकार भरलेला आहे. तो उच्चारणाऱ्यांपैकी कितीजणांना तो जाणवला, हा प्रश्न वेगळा. साहित्याच्या समीक्षेला शब्दांत साठलेली शक्यता वाचावीच लागते.

आता कोल्हापुरासंबंधी. रॉयल वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आला. १८७० मध्ये हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. शाळा, मुलींचे शिक्षण, पुढे वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत उभे केलेले रुग्णालय, हा इतिहास नेहमी सांगितला जातो. या इतिहासात पाद्री देतो आणि नेटिव घेतो. प्रार्थनेच्या इतिहासात मात्र चित्र बदलते. या परंपरेच्या मंडळ्यांत छापील पुस्तकातून म्हणायच्या प्रार्थनेइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व मनाने बोललेल्या प्रार्थनेला आहे. घराघरांत भरणाऱ्या प्रार्थनासभेत पाळक म्हणतो, आता बहिणीने प्रार्थना करावी. आणि बहीण बोलू लागते.

करवीर आणि हातकणंगले या तालुक्यांतल्या अशा सभांना मी नात्यागोत्यामुळे अनेकदा बसलो आहे. मी स्वतः बौद्ध घरातला. आमच्या एकाच वाडीत काही घरांत पंचशील आहे आणि काही घरांत क्रूस. तेथे मी ऐकलेल्या एका प्रार्थनेचा क्रम सांगतो. बाईने प्रथम रात्र सरली म्हणून आभार मानले. मग उसाच्या टोळीबरोबर गेलेल्यांची नावे घेतली. शेजारच्या घरातल्या, चर्चमध्ये न येणाऱ्या म्हातारीच्या गुडघ्यासाठी मागितले. मग मुलाच्या दाखल्यावर आली आणि तेथे तिचा आवाज चढला. कचेरीत हेलपाटे किती झाले, कारकून काय बोलला, हे तिने देवाला तक्रारअर्ज लिहावा तसे मुद्देसूद सांगितले. शेवटी सर्वांनी आमेन म्हटले, म्हणजे त्या अर्जावर सर्वांची सही झाली.

याला आपण काय म्हणणार? माझ्या मते हे मौखिक साहित्य आहे आणि सार्वजनिक वक्तृत्वाची ती पहिली शाळा आहे. ज्या बाईला ग्रामसभेत तोंड उघडू दिले जात नाही, ती येथे बाप्यांसमोर दहा मिनिटे अखंड बोलते आणि तिला कोणी अडवीत नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, तेव्हा अनेकांना तो गोंगाट वाटला. त्याच पंडिता रमाबाईंनी पुढे बायबलचे भाषांतर साध्या बायकांना कळेल अशा मराठीत करण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे घातली. गोंगाट आणि सोपी भाषा, या दोन गोष्टी एकाच हेतूने आलेल्या आहेत : ज्यांना शब्द नाकारला त्यांच्या तोंडी शब्द देणे. आत्मिक वाढीची माझी व्याख्या यावरून ठरते. प्रार्थनेमुळे माणसाचा आवाज चढला की बसला?

मंडळी हा शब्दही तपासला पाहिजे, कारण येथे ख्रिस्ती समाजाला माफी देता येणार नाही. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौल प्रभुभोजनाच्या संदर्भात चिडून विचारतो की, काहीजण आधीच पोटभर जेवतात आणि गरीब उपाशी राहतात, याला भोजन म्हणायचे कसे? म्हणजे सहभागितेची कसोटी ताटाची आहे आणि ती ग्रंथातच लिहिलेली आहे. आपल्याकडे एका प्याल्यातून प्रभुभोजन घेतलेली घरे सोयरीक जुळवताना पूर्वीची जात विचारतात. महारातला ख्रिस्ती मांगातल्या ख्रिस्ती घरी मुलगी देताना थबकतो. आमेन एकत्र आणि वरात वेगळी, असे जेथे आहे तेथे प्रार्थनेने काहीही वाढलेले नाही. टिळकांना हे मिशनच्या चौकटीबाबत जाणवले होते. १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही तेथे जागा होती. दोन वर्षांत ते वारले. पण भिंतीबाहेरच्या मंडळीची ती कल्पना मला त्यांच्या पुष्कळ कवितांहून मोलाची वाटते.

चर्चच्या आत जात राहिली, आणि बाहेर राज्यसंस्थेने सांगितले की ख्रिस्ती माणसाला जात नसते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. १९८५ च्या सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, धर्मांतरानंतरही तेवढाच जातीय जाच सोसावा लागतो याचा पुरेसा पुरावा पुढे आलेला नाही, असे म्हटले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला. त्या बाईच्या प्रार्थनेत दाखला का येतो, हे यावरून कळेल. जाचाचा पुरावा हवा असेल तर तो तिच्या प्रार्थनेत रोज नोंदवला जातो. फक्त ती नोंद कोणी ठेवीत नाही.

अरविंद निर्मळ या मराठी धर्मचिंतकाने १९८१ साली बंगलोरला शूद्रांच्या आणि पुढे दलितांच्या ईश्वरशास्त्राची मांडणी सुरू केली. जुन्या करारातल्या इस्राएली माणसाने आपल्या भटक्या पूर्वजाचे नाव घेऊन श्रद्धा सांगितली. निर्मळांनी गावकुसाबाहेरच्या आपल्या पूर्वजांचे नाव घेऊन ती सांगावी असे म्हटले. पापाच्या कबुलीऐवजी इतिहासाची कबुली, असा हा बदल आहे. बाबासाहेबांच्या आक्षेपाला ख्रिस्ती बाजूने दिलेले मला माहीत असलेले हे सर्वांत सरळ उत्तर आहे. पण ते बहुतांशी इंग्रजीत राहिले. वाडीतल्या प्रार्थनासभेपर्यंत ते आले नाही.

माझे काही मित्र म्हणतील, बुद्धाने मागणे शिकवले नाही. ‘अत्त दीप’ म्हणणाऱ्याने या गुडघे टेकण्यात काय शोधावे? मला त्यांचा मुद्दा मान्य आहे आणि माझी वाट तीच आहे. तरीसुद्धा आपलीही वंदना विहारात एकत्र बसूनच होते, आणि संघाला शरण जाणे हे आपल्या तीन शरणांपैकी एक आहे. एकट्याची मुक्ती आपल्यालाही पुरत नाही. म्हणून क्रूसवाल्या घराकडे आपण परका म्हणून पाहू नये. एकाच वाडीने दोन वाटांनी गावकीला नकार दिला आहे.

म्हणून कोल्हापूर-सांगलीच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माझे सांगणे आहे : ओव्या गोळा केल्या तशा या प्रार्थना गोळा करा. बोलणारीची संमती घेऊन, तिच्या बोलीत, न सुधारता लिहून घ्या. त्यात जेथे नुसती दीनता आहे तेथे ती दीनता म्हणून दाखवा. जेथे जाब आहे तेथे जाब दाखवा. मग मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहास पुन्हा लिहावा लागेल, आणि त्याचे पहिले पान देवाकडे भाकर आणि दाखला एकाच दमात मागणाऱ्या बाईचे असेल.