वेगाच्या पोटातली संथता

'इन द नाइटसाइड एक्लिप्स' हा अल्बम ज्याला ज्याला ऐकवला, त्याने दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला हमखास विचारलं, "रेकॉर्डिंग बिघडलंय का रे?" प्रश्न रास्त आहे. पहिल्या ऐकण्यात ढोलांचा गदारोळ, गिटारींची करवत आणि त्यात बुडालेली एक किंकाळी, एवढंच हाती लागतं. मलाही महिनाभर तेवढंच लागलं होतं.

नॉर्वेच्या 'एम्परर' या बँडचा हा पहिला पूर्ण अल्बम. रेकॉर्डिंग 1993 च्या जुलैत झालं, अल्बम 1994 मध्ये आला. गायन, गिटार आणि कीबोर्ड सांभाळणारा इसान तेव्हा अवघा 17 वर्षांचा होता. सिंफनिक ब्लॅक मेटलची वाट ज्या मोजक्या अल्बमांनी पाडली, त्यांत याचं नाव पहिल्या ओळीत येतं.

'इन्टू द इन्फिनिटी ऑफ थॉट्स' हे आठ मिनिटांचं गाणं घ्या. ड्रम सुरू होतात ते थेट अतिद्रुत लयीत. गिटार वाजवणाऱ्याचा उजवा हात एकाच तारेवर खालीवर, खालीवर असा इतका भरभर चालतो की सुटे आघात ऐकू न येता सुराची एक सलग रेघ तयार होते. डावा हात मात्र पट्टीवर सावकाश सरकतो. वरती कीबोर्डवर एकेक स्वरसमूह कितीतरी वेळ दाबून धरलेला. आपल्याकडे विलंबित ठेक्यावर गवई द्रुत ताना घेतो. इथे उलटा कारभार आहे: ठेका द्रुत आणि चाल विलंबित.

हे एकदा कानात बसलं की अल्बम पालटतो. पावसाळ्यात घाटातून समोरच्या कड्यावरचा धबधबा बघावा, तसं होतं. पाणी जिवाच्या आकांताने कोसळत असतं, पण लांबून पाहणाऱ्याला कड्यावर वाळत घातलेलं पांढरं धोतर दिसतं. इथला वेगही असाच लांबून ऐकायचा आहे. तो अंगावर घेतला तर नुसता मार बसतो.

हे अंतर निर्माण केलं ते ध्वनिमुद्रणाने. बर्गनच्या ग्रीगहालेन या सभागृहातल्या स्टुडिओत पिट्टेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एरिक हुंडविनने ते केलं. मेहेम, इमॉर्टल, बुर्झुम या बँडांच्या अल्बमांमागेही हाच माणूस आणि हीच जागा. सगळं कसं घुमतं, एकमेकांत मिसळतं. ढोल दरीपलीकडून यावेत तसे येतात. किंकाळीलाही वाद्यांच्या पुढे येऊ दिलेलं नाही. शब्द कळत नाहीत आणि त्यांवाचून फारसं अडतही नाही.

गंमत म्हणजे हे सभागृह एडवर्ड ग्रीग या बर्गनच्याच संगीतकाराच्या नावाचं, 1765 मध्ये स्थापन झालेल्या बर्गन फिलहार्मोनिकचं घर. एवढा मोठा वाद्यवृंद त्याच छपराखाली, आणि या पोरांनी 'सिंफनी' उभी केली ती कीबोर्डमधल्या नकली व्हायोलिनांवर. ती नकली आहेत हे लपतही नाही. मला ते या अल्बमचं बळ वाटतं. खऱ्या व्हायोलिनवर गज परततो तेव्हा सुरात बारीकसा सांधा जाणवतो, वाजवणाऱ्याचा हात कळतो. इथे सांधा नाही, श्वास नाही, म्हणून ऊब नाही. या संगीताला हवी असलेली थंडी नेमकी तिथून येते.

'आय ॲम द ब्लॅक विझर्ड्स' हे सर्वांत गाजलेलं गाणं. त्याची गिटारची ओळ एकदा ऐकली की दिवसभर पिच्छा सोडत नाही. मला मात्र शेवटचं 'इन्नो आ सताना' अधिक विचारात पाडतं. चाळीसहून अधिक मिनिटांच्या आक्रोशानंतर इसान इथे स्वच्छ, खुल्या आवाजात गातो. सैतानाचं हे स्तोत्र, पण घाट थेट चर्चमधल्या समूहगानाचा. ज्याच्याशी उभा दावा मांडला, त्याच्याच अंगणातून सूर उसना आणावा लागला.

तो दावा नुसता गाण्यातला नव्हता. गिटारवादक सामोथला चर्च जाळल्याबद्दल शिक्षा झाली. ड्रमर फाउस्टने 1992 च्या ऑगस्टमध्ये लिलेहामरला एका माणसाचा खून केला होता, आणि हे ड्रम वाजवत असताना तो अजून पकडला गेलेला नव्हता. पुढे त्याला 14 वर्षांची शिक्षा झाली. हे कळल्यानंतर ते ढोल मला पूर्वीसारखे ऐकता आलेले नाहीत. वाजवणं अफाट आहे, हे खरं. ते हात कोणाचे, हेही खरंच. यातलं एक दुसऱ्याने पुसलं जात नाही. मी दोन्ही घेऊन ऐकतो.

एकदा घरात कोणी नसताना पहिल्या गाण्यातली कीबोर्डची चाल पेटीवर शोधली. थोड्या खटपटीने सापडलीही. लय काढून घेतली की ती अगदी साधी आहे, नवशिक्यालाही वाजवता येईल. पण वाजली ती एखाद्या हळव्या प्रार्थनेसारखी. सूर तेच होते, पण अंधार गेला होता. कारण लक्षात यायला वेळ लागला नाही: डाव्या हाताने मी भाता हलवत होतो, आणि पेटी श्वास घेत होती.