'मी तिथे होतो' : मँचेस्टरच्या काही रात्री आणि त्यांचे साक्षीदार

आमच्या इचलकरंजीला 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणतात. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या मुलाला खरे मँचेस्टर कसे असेल याचे कुतूहल वाटणे साहजिक होते. मला ते गाव भेटले ते मात्र कापडातून नव्हे, एका कॅसेटमधून. कॉलेजात असताना मित्राच्या भावाने मुंबईच्या फोर्टातल्या पदपथावरून 'जॉय डिव्हिजन' या बँडची कॅसेट आणली होती. त्या गाण्यांच्या मागे मला माग चालल्यासारखे काहीतरी ऐकू यायचे. तेव्हापासून तिथल्या बँडविषयी, त्याहून जास्त ते बँड प्रत्यक्ष ऐकलेल्या लोकांविषयी, मिळेल ते वाचत आलो. मँचेस्टरला मी कधी गेलेलो नाही. तिथल्या श्रोत्यांच्या आठवणींची टिपणे मात्र सात वह्या भरतील इतकी झाली आहेत.

(या कार्यक्रमांना मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. 'मैफल' म्हटले की गादी-तक्के आणि पानदान डोळ्यांपुढे येते. तिथे बिअर सांडलेली फरशी असते. म्हणून साधे 'कार्यक्रम'.)

या आठवणींच्या केंद्रस्थानी एक रात्र आहे : शुक्रवार, ४ जून १९७६. पीटर स्ट्रीटवरच्या फ्री ट्रेड हॉल या भव्य इमारतीत वरच्या मजल्यावर एक छोटे सभागृह होते, लेसर फ्री ट्रेड हॉल. जवळच्या बोल्टनमध्ये शिकणाऱ्या हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली या दोघांनी लंडनच्या 'सेक्स पिस्टल्स' या बँडला तिथे बोलावले. तिकीट पन्नास पेन्स. सभागृहात काही शे माणसे मावत होती, आली ती काही डझन. दीड महिन्याने, मंगळवारी २० जुलैला, तोच बँड त्याच जागी पुन्हा आला आणि या वेळी गर्दी बरीच होती. या दोन रात्रींच्या श्रोत्यांतून पुढे 'बझकॉक्स', 'जॉय डिव्हिजन', 'द फॉल', 'द स्मिथ्स' असे बँड उभे राहिले. बर्नार्ड समनर आणि पीटर हुक पहिल्या रात्री होते. हुकने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली. पुढे त्यांचा गायक झालेला इयन कर्टिस दुसऱ्या रात्री होता.

पुढची गोष्ट संगीताचे चाहते हसत हसत सांगतात. ४ जूनला आपण तिथे होतो असे म्हणणारे सगळे खरे धरले, तर ते सभागृह अनेकदा भरेल. डेव्हिड नोलन यांनी तर आपल्या पुस्तकाचे नावच 'आय स्वेअर आय वॉज देअर' ठेवले : शपथेवर सांगतो, मी तिथे होतो. नोलन यांचे पुस्तक मला या विषयावरचे सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण ते प्रसिद्ध माणसांच्या शपथांवर थांबत नाही. प्रत्यक्ष कोण होते हे ते एकेक करून तपासते. पण त्यातून वाचकांपर्यंत पोचलेला निष्कर्ष, म्हणजे बाकीचे खोटे बोलतात हा, मला पटत नाही. का पटत नाही, त्यामागे घरातले एक कारण आहे. ते नंतर सांगतो.

त्या काळाचा एक लेखी पुरावा पाहा. मॉरिसी, 'द स्मिथ्स'चा पुढचा गायक, तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्याने त्याच महिन्यात 'न्यू म्यूझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाला पत्र लिहिले आणि ते छापून आले. त्या पत्रात जग बदलल्याचा मागमूस नाही. संगीत बेसूर, शब्द जेमतेम कळणारे, तरी लोकांनी पुन्हा मंचावर बोलावले, असे तो नोंदवतो आणि यांना यश मिळो, म्हणजे निदान रात्री अंगावर घालून झोपल्यासारखे न दिसणारे कपडे घेता येतील, असा चिमटा काढतो. ताजी आठवण अशी असते. ती कपड्यांकडे बघते. 'त्या रात्रीने सारे बदलले' हे वाक्य नंतरचे आहे. जे बदलायचे ते बदलून झाल्यावरच ते लिहिता येते.

मग ते इतके सारे साक्षीदार आले कुठून? माझ्या मते त्यांतले बरेच जण खोटे बोलत नाहीत, त्यांच्या आठवणी एकमेकींत मिसळल्या आहेत. जूनची रात्र आहे आणि जुलैची आहे. त्यात त्याच उन्हाळ्यात ग्रॅनडा टीव्हीच्या मँचेस्टरमधल्या स्टुडिओत 'सो इट गोज' या कार्यक्रमासाठी या बँडचे चित्रीकरण झाले आणि सप्टेंबरात ते दाखवले गेले. बँड तोच, शहर तेच, सगळे चार महिन्यांच्या आत. वीस वर्षांनी कोणी विचारले तर डोक्यात एकच रात्र उरते, आणि तिला प्रसिद्ध तारीख चिकटते. त्या टीव्ही कार्यक्रमाचा निवेदक टोनी विल्सन हा पुढे 'फॅक्टरी रेकॉर्ड्स'चा एक संस्थापक झाला. तो स्वतः पहिल्या रात्री होता की दुसऱ्या, यावरही वाद आहे.

साक्षीदार तपासण्याची माझी एक घरगुती कसोटी आहे. सेक्स पिस्टल्सच्या आधी कोण वाजवून गेले, हे विचारायचे. बझकॉक्सची तयारी झाली नव्हती, म्हणून ४ जूनला 'सॉल्स्टिस' नावाच्या एका स्थानिक बँडने सुरुवात केली. इतिहासात त्या बिचाऱ्यांना एवढीच जागा. बझकॉक्स वाजवताना पाहिले असे जो सांगतो तो जुलैचा माणूस. सॉल्स्टिस आठवून सांगणाऱ्याला त्या आठवणीतून काहीच मिळत नाही, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. ज्या तपशिलाने सांगणाऱ्याची किंमत वाढत नाही, तो तपशील बहुधा खरा असतो : हॉल रिकामा होता, आवाज वाईट होता, शेवटची बस चुकेल म्हणून लवकर निघालो.

आता त्याच इमारतीतले उलट उदाहरण. मंगळवार, १७ मे १९६६. खालच्या मोठ्या सभागृहात बॉब डिलन गात होता. पूर्वार्धात एकटा, साध्या गिटारवर. उत्तरार्धात विजेच्या वाद्यांच्या बँडसह. लोकसंगीताच्या भाविकांना हा द्रोह वाटला आणि शेवटच्या गाण्याआधी श्रोत्यांतून कोणीतरी ओरडले : 'जुडास!' या रात्रीचे ध्वनिमुद्रण पुढे चोरून विकले गेले, तेव्हा वेष्टनावर लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचे नाव होते. कित्येक वर्षे जगभरचे चाहते मँचेस्टरची ती आरोळी लंडनची समजून ऐकत राहिले. मँचेस्टरमध्ये प्रत्यक्ष हजर असलेले लोक 'अहो, हे आमच्या गावात घडले' म्हणत होते, ते बरोबर निघाले. १९९८ मध्ये अधिकृत आवृत्ती निघाली तेव्हा चुकीचे नाव अवतरणचिन्हांत तसेच ठेवण्यात आले. चूकही इतकी रूढ झाली होती. १९७६ च्या बाबतीत आठवणी फुगल्या, पण इथे छापील वेष्टन खोटे ठरले आणि आठवण खरी. कागदावरचे तेवढे खरे मानणाऱ्या माझ्यासारख्या संशोधकाला हा प्रसंग अधूनमधून वाचून काढावा लागतो.

सी. पी. ली यांचे या रात्रीवरचे 'लाइक द नाइट' हे पुस्तक त्यासाठी मोलाचे. ली स्वतः पोरवयात त्या श्रोत्यांत होते, तरी ते स्वतःची आठवण पुढे दामटत नाहीत. इतरांच्या आठवणी शेजारी ठेवून पाहतात. आरोळी कोणाची, यावर पुढे दोन वेगवेगळे दावेदार आले. त्यांपैकी एकाने दिलेले कारण मला फार आवडते. राग विजेच्या गिटारचा नव्हता, आवाजाची यंत्रणा भिकार होती याचा होता, असे तो म्हणाला. सगळे जग त्या एका शब्दात परंपरा आणि बंडखोरी यांचा संघर्ष ऐकत असताना हा गृहस्थ लाउडस्पीकरची तक्रार करतो. माझ्या कसोटीवर तो उतरतो.

हासिएंडा या क्लबबद्दल थोडक्यात. २१ मे १९८२ ला तो उघडला आणि १९९७ मध्ये बंद पडला. आता त्या जागी त्याच नावाची निवासी इमारत आहे. आठवणींत तो कायम तुडुंब असतो. त्याच्या मालकांपैकी एक असलेल्या पीटर हुकच्या पुस्तकात मात्र सुरुवातीची वर्षे रिकामी फरशी, वाईट आवाज आणि बुडालेले पैसे यांनी भरली आहेत. पुस्तकाचे उपशीर्षकच क्लब कसा चालवू नये असे आहे. १९८४ च्या जानेवारीत टीव्हीच्या एका कार्यक्रमासाठी मॅडोना तिथे येऊन गेली. पाहिल्याचे सांगणारे बहुतेक जण म्हणतात, आम्हाला काही विशेष वाटले नाही. मला हे सुंदर वाटते.

या साऱ्या दंतकथेवर २००२ मध्ये मायकेल विंटरबॉटम यांनी '२४ अवर पार्टी पीपल' हा चित्रपट काढला. तो दंतकथेच्या बाजूने उभा राहतो आणि ते लपवत नाही. त्यात एका प्रसंगात पडद्यावरचा डेव्होटो जे करतो, ते पाहून खरा डेव्होटो सफाई कामगाराच्या वेशात कॅमेऱ्याकडे वळतो आणि असे काही घडल्याचे आपल्याला आठवत नाही, असे सांगतो. विनोद उत्तम आहे. माझी तक्रार वेगळी आहे. चित्रपटात त्या रात्रीचा प्रेक्षक म्हणून कॅमेरा ज्यांच्यावर थांबतो ते सगळे पुढे कोणीतरी झालेले आहेत. जे ऐकून घरी गेले, सोमवारी कामावर गेले आणि ज्यांनी कधीच गिटार हातात घेतली नाही, ते अंधारातच राहतात. हॉलमध्ये निम्म्याहून जास्त माणसे तीच असणार.

आता घरातली गोष्ट. माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाला आम्ही अण्णाआजोबा म्हणत असू. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचे संयुक्त मानापमान आपण पाहिले, असे ते दर दिवाळीला फराळाच्या वेळी सांगत. केशवराव आमच्या कोल्हापूरचे, त्यामुळे सांगताना त्यांना चढ यायचा. मी विशीत, नव्या अभ्यासाच्या तोऱ्यात. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मवर्ष १९१७ सापडले. तो प्रयोग मुंबईत ८ जुलै १९२१ चा. पाहुण्यांसमोर मी हिशेब मांडला : अण्णाआजोबा, तुम्ही चार वर्षांचे होतात! सगळे हसले, तेही हसले. नंतर ती गोष्ट त्यांनी कधीच सांगितली नाही आणि दुसरीही कुठली सांगितली नाही. पुढच्या तीन दिवाळ्या ते फराळाला नुसते बसत.

नोलन आणि ली वाचल्यावर मी त्यांचे सांगणे जुन्या वहीतून पुन्हा काढून पाहिले. गंधर्वांच्या आवाजाचे वर्णन कोणीही करील तसेच होते, बहुधा ऐकीव. पण ते नेहमी एवढेही सांगत : जागा खांबाच्या मागे मिळाली, अर्धे नाटक दिसलेच नाही, शेजारचा माणूस घोरत होता, आणि बाहेर आलो तर चपला गेलेल्या, अनवाणी चालत मुक्कामावर आलो. ते नाटक मानापमानच असेल, 'ललितकलादर्श'चेच असेल, केव्हातरी नंतरचे. १९२१ चे नसेल. पण खांब आणि चपला मी त्या दिवशी हिशेबात धरल्या नव्हत्या.