‘मी’ची साक्ष

बेंगळुरूच्या गुन्हेगारी जगताविषयी अग्नि श्रीधर यांनी लिहिलेले ‘दादागिरिय दिनगळु’ हे कन्नड आत्मकथन. कायद्याच्या या विद्यार्थ्याच्या भावावर झालेला हल्ला आधी येतो, १९८६ मधील कोतवाल रामचंद्रची हत्या नंतर. या क्रमामुळे हत्येच्या क्षणी वाचक निवेदकाच्या बाजूला उभा असतो. मरणाऱ्याचे अंतरंग मात्र त्याला बंदच राहते. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात १९८३ मध्ये फाशी गेलेल्या मुनव्वर शहाच्या ‘येस, आय ॲम गिल्टी’ या कबुलीलाही हीच मर्यादा आहे. पश्चात्ताप खरा असेलही. परंतु ‘मी’ म्हणण्याचा अधिकार मारणाऱ्याकडेच उरतो. निवेदकाशी समरस होणे हा वाचकाचा दोष नव्हे. मृतांचे मौन विसरणे हा मात्र आहे.