परदेशी सून आणि आमची कादंबरी

दिवाळी अंक हाती आला की फराळाच्या ताटाबरोबर मी आधी कथा वाचते, आणि दर दोन-तीन वर्षांनी तरी तीत एक जुनी ओळखीची बाई मला भेटतेच. ती म्हणजे परदेशी सून. मुलगा शिकायला परदेशी जातो आणि हिला घेऊन येतो. सासूबाई देवघरात जाऊन बसतात. सून वाकून नमस्कार करते, महिन्याभरात पुरणपोळी शिकते, संक्रांतीला नऊवारी नेसते. सासूबाईंना पाझर फुटतो आणि कथा संपते. वाचकही डोळे पुसून चकलीकडे वळतो.

या सुनेवर मी आज टीका करणार आहे. पण तिला घडवण्याच्या पापात माझाही वाटा आहे, हे आधीच कबूल करते. माझ्या दुसऱ्या कादंबरीची जर्मन नायिका अशीच उंबऱ्यावरचे माप ओलांडते आणि पुस्तक मिटते. ते प्रसिद्ध झाले तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. तो जर्मनीत नोकरीला, लग्नही तिथलेच. वडिलांची इकडे श्रीगोंद्याला लिंबोणीची बाग. त्याने लिहिले होते, "बाई, कादंबरी एका बैठकीत वाचली. बायकोलाही सांगितली. तिने एवढेच विचारले, की त्या मुलीचा व्हिसा किती महिन्यांचा होता?"

प्रथम मला हसू आले. मग हसू मावळले. चारशे पाने लिहूनही हा प्रश्न मला सुचला नव्हता!

मी काही कायदेपंडित नव्हे, शिक्षणही बेताचेच. तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत नागरिकत्वाचा १९५५ चा कायदा घेऊन बसले, आणि मराठीच्या मास्तरणीला साजेल असा तो शब्दन् शब्द वाचला. आश्चर्य हे, की माझ्या कादंबरीपेक्षा त्यातच संसार अधिक सापडला. मूळ कायद्यात, भारतीयाशी लग्न केलेल्या 'स्त्रियांना' नोंदणीने नागरिक होता येई. पुरुषांचे नाव नव्हते. म्हणजे परदेशी सुनेला एक वाट होती, परदेशी जावयाला ती नव्हती. १९८६ साली 'स्त्रिया' जाऊन 'व्यक्ती' आल्या. परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय ठरवायचे, तर बाप भारतीय असावा लागे. आईचे रक्त त्या कामी पुरत नसे. १० डिसेंबर १९९२ पासून आईही चालू लागली. एका शब्दाच्या फेरफारात किती घरांचे हुंदके दडले असतील! आमच्या किती कथांनी ते ऐकले?

आणि आमच्याजवळ माणसे नव्हती असे थोडेच आहे? वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे घ्या. गदर चळवळीतले क्रांतिकारक. पुढे मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. १९३६ साली त्यांनी एका बेल्जियन स्त्रीशी लग्न केले. मुली मेक्सिकोत वाढल्या. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी परत येण्यासाठी अर्ज केला, तेव्हा इंग्रजांच्या काळ्या यादीतले नाव आडवे आले आणि अर्ज प्रथम नाकारला गेला. ज्या देशासाठी घर सोडले, त्याच्याच दारात परवानगीसाठी उभे राहायचे! पुढे तो निर्णय फिरला. ते नागपुरात राहिले आणि १९६७ साली वारले. कमला निंबकर मूळच्या अमेरिकेच्या एलिझाबेथ लंडी. त्यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. यांतली एक तरी सून केवळ पुरणपोळीत मावते काय?

कोणी म्हणेल, "बाई, कादंबरी म्हणजे का कचेरीतले दफ्तर?" आक्षेप खोटा नाही. पण आमच्या ग्रामीण कादंबरीत सातबारा आला, पंचनामा आला, म्हणून ती कोरडी झाली नाही. उलट माणूस कुठे अडतो ते तिला नेमके सांगता आले. जिथे माणूस अडतो तिथेच कथा असते.

माझा विद्यार्थी आज असाच अडला आहे. जर्मनीने २०२४ च्या जूनपासून दुसरे नागरिकत्व ठेवायला मोकळीक दिली. परंतु आपल्या राज्यघटनेचे नववे कलम आणि १९५५ चा कायदा दोन्ही सांगतात, की आपखुशीने परके नागरिकत्व घेतले की भारतीयत्व सुटले. मग 'ओव्हरसीज सिटिझन'चे कार्ड घ्यावे. येणे-जाणे मोकळे, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांची बाग वारशाने येईल. बांधाला लागून असलेले अर्धा एकर रान मात्र घेता यायचे नाही. त्याच्या बायकोलाही ते कार्ड मिळेल, पण नोंदलेले लग्न दोन वर्षे टिकल्यावर. तिला पुरती भारतीय व्हायचे, तर सात वर्षांचा रहिवास आणि जर्मन नागरिकत्व सोडण्याची लेखी हमी. आपणच कठोर आहोत असेही नव्हे. इंग्लंडात जोडीदाराला आणायचे, तर एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंडांची मिळकत दाखवावी लागते. २०१२ साली हाच आकडा १८,६०० होता.

एकनिष्ठा मागण्याचा देशाला अधिकार नाही असे मी म्हणत नाही. फाळणीची राख गरम असताना हे नियम घडले. त्यामागे धास्ती होती, आणि ती उगाच नव्हती. पण लग्न झाल्यावर माझे नाव माहेरच्या रेशनकार्डावरून कमी करून सासरच्या कार्डावर चढवले, तेव्हा मी माहेरची राहिले नाही असे कोणी म्हटले नाही. भाऊबीजेचे ताट दरसाल वाट पाहतेच. एकाच काळजात दोन घरे नांदतात, हे मराठी बाईला कोणी शिकवावे लागत नाही. आमच्या लेखकांनी परदेशी सुनेला सासर भरभरून दिले. तिचे माहेर मात्र कथेबाहेर ठेवले. टीका करायची ती यावर, आणि सर्वांआधी माझ्यावर.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची आहे. शेवटचे प्रकरण मी फाडले आहे. नव्या प्रकरणात माझी नायिका माप ओलांडणार नाही, नगरच्या एका कचेरीच्या बाकावर कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असेल, आणि शेजारी सासूबाई डबा उघडून म्हणतील, "खाऊन घे गं आधी. नंबर यायला वेळ आहे."