दोन शेवटांची रचना

मागची नोकरी सोडताना माझी 'केटी' चार दिवसांत उरकली. चार कॉल, एक लांबलचक डॉक्युमेंट, आणि माझ्या जागी आलेला मुलगा कामाला लागला. माझ्यावाचून काहीच अडलं नाही, याचा तेव्हा अभिमानच वाटला होता.

म्हणून १९७६ पासून वाजवणाऱ्या एमर्सन स्ट्रिंग क्वार्टेटनं २०२३ मध्ये थांबायचं ठरवलं, तेव्हा माझा प्रश्न सरळ होता: माणसं बदलून पुढे का जायचं नाही? १९४६ मध्ये सुरू झालेला ज्युलियार्ड क्वार्टेट तसाच चालू आहे. आज त्यात मूळचं कुणीही नाही. उलट, १९८७ मध्ये व्हिओलावादक पीटर शिडलॉफ गेला आणि अमेडियस क्वार्टेट तिथेच संपला. एमर्सनमध्ये तर यूजीन ड्रकर आणि फिलिप सेट्झर पहिलं व्हायोलिन आलटूनपालटून वाजवत. २०१३ मध्ये चेलोवादक डेव्हिड फिंकेल बाहेर पडला, पॉल वॉटकिन्स आला. म्हणजे बदल त्यांना झेपत होता.

उत्तर मला त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाच्या निवडीत सापडलं. न्यूयॉर्कच्या अ‍ॅलिस टली हॉलमध्ये त्यांनी बेथोवनचा ओपस १३० वाजवला. या रचनेला दोन शेवट आहेत. मूळचा म्हणजे 'ग्रोसे फूगे': अवघड, खडबडीत, चारही वाद्यं एकमेकांवर धावून जाणारी. श्रोते गोंधळले, प्रकाशकानं गळ घातली, आणि १८२६ मध्ये बेथोवननं दुसरा, हलकाफुलका शेवट लिहून दिला. एमर्सननं निरोपासाठी पहिला घेतला. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणातला हा फ्यूग मला जरा जास्तच सफाईदार वाटतो. यातून आपण सहीसलामत बाहेर पडणार, हे त्यांना आधीच ठाऊक असल्यासारखा. तरी शेवटच्या दिवशी तोच निवडावा, यात सोपी सुटका नाकारणं आहे.

सोबत होतं शूबर्टचं १८२८ मधलं पंचक, मृत्यूच्या जेमतेम दोन महिने आधीचं. त्याला दोन चेलो लागतात. दुसऱ्या चेलोसाठी फिंकेल परत आला. गेलेला आणि त्याच्या जागी आलेला, दोघं एकाच मंचावर. संथ भागात मधली तीन वाद्यं लांब स्वर धरून ठेवतात. वरून व्हायोलिन तुटक बोलतं, खालून दुसरा चेलो तारा छेडतो. इथे एक चेलो दुसऱ्याची जागा घेत नाही. दोन्ही लागतात.

मला वाटतं, थांबण्याचा निर्णयही त्यांनी एखादी रचना बसवावी तसाच घेतला: हात अजून चालत असताना, चौघांनी मिळून. स्टोनी ब्रूक विद्यापीठात ते शिकवतात. तंत्र पुढच्यांकडे जाईल. पण सेट्झरनं धनुष्य उचलण्याआधीच ड्रकरला जे कळत होतं, ते कुठल्या डॉक्युमेंटात लिहिणार?

माझं डॉक्युमेंट चार दिवसांत पूर्ण झालं होतं. आता त्याचा अभिमान तेवढा वाटत नाही.