सापडलेली वस्तू आणि हरवलेला माणूस

मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर एक छोटी चौकट अधूनमधून हमखास येते. रिक्षाचालकाला रिक्षात प्रवाशाची बॅग सापडली, बॅगेत दागिने होते किंवा रोकड होती, त्याने ती परत केली, पोलीस ठाण्यात शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार झाला. सोबत फोटो. शेवटी ठरलेले वाक्य : माणुसकी अजून जिवंत आहे. नांदेड आणि लातूर या आमच्या दोन जिल्ह्यांत ही चौकट आम्ही शाळकरी वयापासून वाचत आलो आहोत. नावे बदलतात, सोन्याचा भाव वाढतो, मजकूर तोच राहतो. या मजकुराला साहित्य कोणी म्हणत नाही. परंतु आमच्यातला रिक्षावाला, हमाल, फेरीवाला भला माणूस म्हणून मराठी वाचकाला भेटतो तो बहुधा याच चौकटीत. म्हणून तिची समीक्षा व्हायला हवी असे आम्हांला वाटते.

चौकट काय सांगते ते आधी पाहू. ऐवज किती तोळ्यांचा, रोकड किती, सत्कार कोणाच्या हस्ते, उपस्थितांत कोण कोण, हे ती न चुकता सांगते. बॅग सापडल्यापासून ती मालकाच्या हातात पडेपर्यंत त्या माणसाने काय केले, हे मात्र ती सांगत नाही. खरी गोष्ट तेवढ्या वेळातच घडलेली असते.

नांदेडचेच उदाहरण घ्या. सचखंड एक्स्प्रेसने अमृतसरहून आलेले यात्रेकरूंचे कुटुंब हुजूर साहिब नांदेड स्थानकावर उतरते आणि रिक्षाने गुरुद्वाऱ्याकडे जाते. सामान उतरवताना एक पिशवी मागच्या बाजूला राहून जाते. रिक्षावाल्याला ती तासाभराने, देगलूर नाक्यावर दिसते. प्रवाशाचे नाव त्याला ठाऊक नाही, फोन नंबर नाही. प्रवाशाची भाषा पंजाबी, याची दखनी. रिक्षा रोजाने घेतलेली असेल तर संध्याकाळी मालकाला ठरलेले पैसे द्यावेच लागतात. त्याने पिशवी परत करायची ठरवली, तर समोरची सवारी सोडावी लागते, पुन्हा गुरुद्वाऱ्याकडे जावे लागते, यात्री निवासाच्या दारोदार विचारावे लागते. त्याची अर्ध्या दिवसाची कमाई त्यात जाते. ही कमाई तो एका अनोळखी माणसासाठी सोडतो. ‘प्रामाणिकपणा’ या एका शब्दात ही मेहनत मावत नाही. प्रामाणिकपणा म्हणजे दुसऱ्याचे न घेणे. इथे त्याने स्वतःजवळचे दिले आहे.

आता लातूरला या. ‘लातूर पॅटर्न’च्या नावाने आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो मुले-मुली इथे शिकायला येतात. प्रवेशाच्या दिवसांत गंजगोलाईपासून महाविद्यालयापर्यंत जाणाऱ्या रिक्षांमध्ये प्रत्येकाच्या मांडीवर एक फाइल असते. त्यात दहावीची गुणपत्रिका, टीसी, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, कधी जात वैधता प्रमाणपत्र. ही फाइल विसरली तर घरी रडारड होते. पोलिसांत नोंद, प्रतिज्ञापत्र, दुय्यम प्रत, तहसीलच्या चकरा आणि तोवर प्रवेशाची तारीख उलटून जाण्याची धास्ती. फाइल परत आणून देणाऱ्याने त्या घराचे एक वर्ष वाचवलेले असते. पण फाइलला बाजारभाव नाही, म्हणून तिची चौकट क्वचितच होते. चौकटीला तोळे लागतात.

दुसरा मुद्दा सत्काराचा. डॉक्टरांना दवाखान्यात पेशंटचे पाकीट सापडले आणि त्यांनी ते परत दिले, याची बातमी होत नाही. कोणी करायला गेले तर डॉक्टरांनाच अपमान वाटेल. रिक्षावाल्याची, हमालाची, सफाई कामगाराची बातमी होते, कारण त्यांनी ठेवून घेतले असते हे बातमीने मनोमन गृहीत धरलेले असते. गरीब असूनही परत केले, हा तिचा न लिहिलेला मथळा. शाल खांद्यावर टाकणाऱ्याचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण या शालीला संशयाचाही एक धागा आहे.

आमच्या बाबतीत या ‘असूनही’ला आणखी एक ‘असूनही’ येऊन चिकटतो. चालकाचे नाव सलीम किंवा शकील असेल, तर मथळ्यात ‘मुस्लिम रिक्षाचालकाचा प्रामाणिकपणा’ असे येऊ शकते. वार्ताहराला बहुधा ऐक्यच दाखवायचे असते. पण बॅग परत करणाऱ्याचे नाव संजय असले, तर त्याचा धर्म सहसा मथळ्यात येत नाही. मग सलीमचा का यावा? आणि इथे आम्ही आमच्याच माणसांनाही विचारू इच्छितो. तीच बातमी आपण मोबाईलवर एकमेकांना पाठवतो, ‘पाहा, आपला माणूस’ म्हणून छाती फुगवतो. म्हणजे आपणही त्या गरीब रिक्षावाल्याला साऱ्या कौमच्या बाजूने साक्षीला उभा करतो. त्याने बॅग परत केली, कारण ती दुसऱ्याची होती. त्याच्याकडून चारित्र्याचा दाखला घेऊन साऱ्या समाजाने तो मिरवावा, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते.

आपल्या परंपरेने या प्रसंगाकडे कसे पाहिले? रस्त्यात सापडलेल्या वस्तूला फिकहच्या किताबांत ‘लुकता’ म्हणतात आणि त्यावर स्वतंत्र प्रकरण असते. हजरत जैद बिन खालिद यांच्याकडून आलेली हदीस प्रसिद्ध आहे. सापडलेल्या वस्तूविषयी एकाने विचारले, तेव्हा हुजूर (स.) यांनी सांगितले की तिची थैली आणि थैलीची दोरी नीट ओळखून ठेव आणि वर्षभर पुकारा कर. चुकलेल्या बकरीबद्दल सांगितले की ती ताब्यात घे, नाहीतर लांडगा नेईल. उंटाबद्दल विचारताच नाराजी दाखवली. त्याला हात लावायचे तुला कारण काय? त्याच्याजवळ त्याचे पाणी आहे, त्याचे पाय आहेत, तो चालत राहील आणि मालक त्याला गाठेल. फकीहांनी पुढे तपशील दिला. पुकारा बाजारात करावा, मशिदीच्या दारावर करावा, खूण पूर्ण सांगू नये, ती मालकाने सांगावी. हनफी मतानुसार मुदतीनंतर ती वस्तू गरिबाला सदका द्यावी, आणि सापडलेला स्वतः गरीब असेल तर त्याने वापरावी. पण मालक नंतर आला आणि त्याने मागितली, तर भरपाई द्यावी.

या साऱ्या चर्चेत मध्यभागी कोण आहे, हे पाहावे. तिथे सापडलेल्याचे कौतुक नाही, हरवलेल्याचा हक्क आहे. वस्तू उचलली त्या क्षणी ती हातात अमानत झाली. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७१ वे कलमही याच वाटेने जाते. दुसऱ्याची वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर ते ठेवदाराइतकी जबाबदारी टाकते. आणि मराठीला तरी हा शब्द कुठे परका आहे? भाड्याच्या घरासाठी आपण जी ‘अनामत रक्कम’ भरतो, ती अनामत म्हणजे अक्षरांची अदलाबदल झालेली अमानतच. रेल्वे सुरक्षा दलाने प्रवाशांचे हरवलेले सामान परत करण्याच्या मोहिमेला ‘ऑपरेशन अमानत’ हे नाव दिले आहे. शब्द सगळ्यांचाच आहे, त्याचा अर्थही सगळ्यांचा असावा.

शाळेतल्या गोष्टींकडे वळू. लाकूडतोड्या आणि जलदेवतेची इसापची गोष्ट मराठी-उर्दू दोन्ही माध्यमांची मुले ऐकतात. कुऱ्हाड नदीत पडते, देवता सोन्याची दाखवते, चांदीची दाखवते. लाकूडतोड्या नाही म्हणतो आणि शेवटी तिन्ही मिळवतो. शिक्षक म्हणून ही गोष्ट आम्हांला अडचणीत टाकते. खरे बोल म्हणजे सोने मिळेल, असा तिचा सौदा आहे. लोखंडाची कुऱ्हाड नसती तर त्या घरी त्या रात्री चूल पेटली असती का, हे ती विचारत नाही.

ते विचारायचे तर राजिंदरसिंह बेदींच्या ‘गरम कोट’ या उर्दू कथेकडे जावे लागते. तुटपुंज्या पगाराचा कारकून, त्याचा जीर्ण कोट, बायको-मुलांच्या छोट्या छोट्या मागण्या आणि दहा रुपयांची एक नोट. नोट हरवते आणि त्या घराचे सारे बेत तिच्याबरोबर हरवतात. नोट कोणी चोरलेली नसते. ती खिशाच्या भोकातून अस्तरात सरकलेली असते. परत करणारा कोणी अनोळखी या कथेत नाही. तरीही परत मिळणे म्हणजे काय, हे या कथेइतके स्पष्ट आम्हांला कुठल्याच चौकटीत सापडले नाही, कारण बेदी हरवलेल्याच्या घरात शिरतात.

सापडणाऱ्याची बाजू मोपासाँच्या १८८३ च्या ‘दोरीचा तुकडा’ या फ्रेंच कथेत आहे. बाजाराला आलेला म्हातारा शेतकरी ओशकोर्न वाटेत पडलेला दोरीचा तुकडा उचलतो. जुना वैरी ते पाहतो. त्याच दिवशी कोणाचे तरी पाकीट हरवल्याची दवंडी पिटली जाते आणि संशय म्हाताऱ्यावर येतो. दुसऱ्या दिवशी एक शेतमजूर पाकीट परत आणून देतो. त्याला ते रस्त्यात सापडले होते, वाचता येत नव्हते म्हणून त्याने ते घरी नेऊन आपल्या धन्याला दिले होते. तरी गावाचा विश्वास बसत नाही. यानेच साथीदाराकरवी परत केले असेल, असे लोक म्हणतात. निर्दोषपणा सांगता सांगता म्हातारा मरतो. आम्हांला या कथेत एक उणीवही जाणवते. ज्याने पाकीट खरोखर परत केले तो निरक्षर मजूर कथेत ओझरता येतो आणि जातो. मोठ्या लेखकानेही त्याच्याकडे थांबून पाहिलेले नाही.

ओशकोर्नची भीती आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. बसस्थानकावर आणि रेल्वेत घोषणा होते की बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा. घोषणा योग्यच आहे, ती जिवाच्या काळजीने केलेली आहे. पण स्फोटांच्या आणि धरपकडीच्या बातम्या वाचत मोठ्या झालेल्या आमच्या तरुणाला बाकाखालची पिशवी दिसते, तेव्हा त्याच्या मनात वेगळाच हिशेब चालतो. पोलिसांना सांगायला गेलो आणि पहिला प्रश्न मलाच आला तर? वर्गात अमानतीचा धडा शिकवताना मुले विचारतात, ‘सर, उचलायची की नाही?’ आम्ही सांगतो : हात लावू नका, पण निघूनही जाऊ नका. वर्दीतल्या माणसाला बोलवा आणि तो येईपर्यंत थांबा. हे थांबणे सर्वांना सारखे सोपे नाही, हे मुलांना ठाऊक असते. तरीही थांबणारे थांबतात. त्यांच्या भलेपणात धैर्यही आहे आणि चौकटीला ते दिसत नाही.

माणसे परत का करतात? २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ४० देशांतील ३५५ शहरांत, भारतातही, संशोधकांच्या माणसांनी बँक, हॉटेल, टपाल कार्यालय अशा ठिकाणच्या काउंटरवर ‘हे रस्त्यात सापडले’ म्हणून १७ हजारांहून अधिक पाकिटे दिली. काहींत पैसे होते, काहींत नव्हते. प्रत्येकात मालकाचा पत्ता लागेल अशी चिठ्ठी आणि किराण्याची यादी होती. पैसे असलेल्या पाकिटांसाठी मालकाशी जास्त संपर्क साधला गेला, ४० पैकी ३८ देशांत. काही पाकिटांत किल्ली ठेवली होती. किल्ली सापडणाऱ्याच्या काही कामाची नसते, मालकाच्या मात्र असते. किल्लीवाली पाकिटे अधिक परत आली. चोर ठरण्याची लाज असतेच, पण दाराबाहेर ताटकळलेल्या अनोळखी माणसाचा विचारही सापडणाऱ्याच्या मनात येतो. जपानने त्याची व्यवस्थाच लावली आहे. वस्तू चौकीत द्यायची, तीन महिने वाट पाहायची, मालकाकडून पाच ते वीस टक्के बक्षिसाचा हक्क कायद्याने ठरलेला. तिथे त्यासाठी शाल लागत नाही.

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आपले जगणे आपण लिहावे, ही त्यामागची ओढ होती. त्या जगण्यात हा प्रसंग रोज घडतो. तरी आमच्या कथेतला रिक्षावाला बहुतेक वेळा दंगलीत सापडतो, नाहीतर कर्जात. सापडलेली पिशवी पुढच्या चाकाजवळ ठेवून, सवारी सोडून, गुरुद्वाऱ्याच्या दारात पंजाबी बाईला शोधणारा रिक्षावाला आम्हांला मराठीत वाचायचा आहे. तो संतही नको आणि समाजाचा वकीलही नको. पिशवी उघडून पाहताना त्याचा हात क्षणभर थबकला असेल, तर तेही लिहावे. बायकोने ‘आज पैसे कमी का?’ विचारले असेल, तर तेही.

आणि चौकट लिहिणाऱ्या वार्ताहर मित्रांना आमची एवढीच विनंती. पुढच्या वेळी धर्म वगळा, तोळे खाली घ्या, आणि पहिल्या ओळीत लिहा की त्या माणसाने किती तास शोध घेतला आणि किती सवाऱ्या सोडल्या.